गृहीत मूल्य नेमके केव्हा ठरते?

लातूरच्या मोंढ्यातील एखाद्या अडत दुकानासाठी सोयाबीनची हिशेबपट्टी काढणारा प्रोग्रॅम लिहायचा झाला, तर त्यातील मुख्य फंक्शनला, म्हणजे दिलेल्या मूल्यांवरून ठरावीक काम करणाऱ्या आज्ञांच्या गटाला, वजन, भाव आणि ओलावा ही तीन मूल्ये लागतील. सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांपर्यंतचा ओलावा साधारणपणे मान्य असतो. म्हणून फंक्शन लिहितानाच ‘ओलावा सांगितला नसेल तर 12 धरावा’ असे नमूद करून ठेवता येते. हेच डिफॉल्ट, म्हणजे गृहीत मूल्य. भावाला मात्र ते कधीही देऊ नये. भाव रोजच्या सौद्यात ठरतो. तो भरायचा राहिला तर प्रोग्रॅमने मुकाट्याने जुना आकडा लावण्यापेक्षा तिथेच अडून चूक दाखवणे शेतकऱ्याच्या हिताचे असते.

हे मूल्य केव्हा ठरते, याचे उत्तर प्रोग्रॅम लिहिण्याच्या प्रत्येक भाषेत सारखे नाही. जावामध्ये अशी सोयच नाही. तिथे एकाच नावाची, पण कमी-अधिक मूल्ये घेणारी अनेक फंक्शने लिहितात. सी प्लस प्लसमध्ये आणि 2015 पासून जावास्क्रिप्टमध्येही, फंक्शनला मूल्य न देता हाक मारली, म्हणजे ते चालवले, की प्रत्येक वेळी गृहीत मूल्य नव्याने काढले जाते.

पायथॉनची रीत वेगळी आहे. तिथे फंक्शनची व्याख्या हीसुद्धा चालवली जाणारी आज्ञा असते. ती चालते त्या क्षणी गृहीत मूल्य एकदाच काढले जाते आणि फंक्शनसोबत जपून ठेवले जाते. त्यामुळे पट्टीवरील वेळेसाठी ‘आत्ताची वेळ’ असे गृहीत मूल्य लिहिले आणि प्रोग्रॅम सोमवारी सकाळी सुरू करून आठवडाभर चालू ठेवला, तर शनिवारच्या पट्टीवरही सोमवार सकाळचीच वेळ छापली जाईल. रिकाम्या यादीची गोष्ट याहून गंभीर आहे. पोत्यांच्या वजनांची यादी दिली नसेल तर रिकामी यादी धरावी असे लिहिले आणि फंक्शन त्याच यादीत वजने जोडत गेले, तर पहिल्या शेतकऱ्याची पोती दुसऱ्याच्या हिशेबात उतरतात, कारण दोघांसाठी वापरलेली यादी एकच असते. प्रोग्रॅम यावर कोणतीही तक्रार करत नाही, म्हणून ही चूक सापडायला कठीण जाते. 12 या आकड्याच्या बाबतीत हा धोका नाही, कारण संख्या जागच्या जागी बदलता येत नाही. यादी बदलता येते.

यावर रूढ उपाय असा की गृहीत मूल्य म्हणून ‘काहीच नाही’ असा अर्थ सांगणारे पायथॉनमधले ‘नन’ (None) ठेवावे, आणि फंक्शनच्या आत ते आढळल्यास तिथेच नवी यादी तयार करावी किंवा घड्याळ पाहावे. पण जिथे ‘नन’ हेच खरे उत्तर असू शकते, उदाहरणार्थ ओलावा मोजलाच गेला नाही हे कळवायचे असते, तिथे ‘सांगितले नाही’ एवढ्याच खुणेसाठी एक स्वतंत्र वस्तू निर्माण करून तीच गृहीत धरावी लागते.