गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन

कपाशीवरील गुलाबी बोंडअळी कमीत कमी कीटकनाशके वापरून आटोक्यात ठेवण्याची पद्धत. पेरणीची वेळ, सापळे, मित्रकीटक, गरजेपुरती फवारणी आणि हंगाम वेळेत संपवणे हे सगळे तिच्यात येते. यातले शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे आहे.

या अळीचे शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. भारतातील कपाशीवरच्या नमुन्यांवरून १८४३ मध्ये तिचे पहिले वर्णन झाले. मादी पतंग पाते (कळी), फूल किंवा कोवळ्या बोंडाजवळ अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लगेच आत शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. पाकळ्या अळीच्या धाग्यांनी जुळून फूल नीट उमलत नाही, त्याला डोमकळी म्हणतात. बोंडाच्या आत अळी सरकी खाते, कापूस पिवळा पडून कवडी होतो. बाहेरून बोंड निरोगी दिसते, आणि कितीही महागडे औषध मारले तरी ते आतल्या अळीपर्यंत पोहोचत नाही.

भारतात बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे अळीला मारक प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या वाणांना, २००२ मध्ये, तर दोन जनुकांच्या बीजी-२ वाणांना २००६ मध्ये मान्यता मिळाली. सुरुवातीला फवारण्या खरोखर घटल्या. पुढे अळीने आधी पहिल्या आणि मग दुसऱ्याही प्रथिनाला दाद देणे सोडले. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची वेगळी पुडी मिळे. तिच्यावर वाढलेल्या, प्रतिकार नसलेल्या पतंगांशी संकर होऊन अळीची प्रतिकारशक्ती लांबणीवर पडावी, हा हेतू होता. बहुतेक ठिकाणी ती पुडी पेरलीच गेली नाही. एकेका एकरावर जगणाऱ्याने अळीसाठी ओळी राखाव्यात, ही अपेक्षाच भाबडी होती; नंतर दोन्ही बियाणी एकाच पाकिटात मिसळण्याची पद्धत आली. २०१७ च्या खरिपात विदर्भात या अळीचा मोठा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या उंच, दाट कपाशीत, अंगावर संरक्षक कपडे नसताना, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणी चालली होती.

व्यवस्थापनाचा पाया म्हणजे निरीक्षण. हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावून पतंग मोजतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले, अथवा फुले वा हिरवी बोंडे दहा टक्के प्रादुर्भावग्रस्त आढळली, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे फवारणीची वेळ आली, असे मानतात. त्यासाठी शेतात फिरून वीस हिरवी बोंडे फोडून पाहावी लागतात. राज्याचा क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण प्रकल्प २००९ पासून अशाच नोंदींवर सल्ला देतो. पातळीच्या खाली असताना पाच टक्के निंबोळी अर्क, डोमकळ्या तोडून नष्ट करणे आणि अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा गटातील गांधीलमाश्यांची कार्डे एवढ्यावर भागते. मात्र कार्डे लावल्याच्या सुमारास तीव्र कीटकनाशक मारले तर मित्रकीटकच मरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके लवकर वापरली तर पांढरी माशी उसळते, हा अनुभवही जुना आहे.

खरा पेच हंगामाच्या दोन टोकांना आहे. मे महिन्यात ओलितावर लावलेली कपाशी सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना आयती फुले पुरवते, म्हणून पेरणी जूनमध्ये करण्याची शिफारस असते. दुसऱ्या टोकाला फरदड. वेचणी संपल्यावर पाणी-खत देऊन पुन्हा बहर घेतला की चार पैसे मिळतात. पण अळीला मार्च-एप्रिलपर्यंत अन्नही मिळते. पीक डिसेंबरअखेर काढून पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) शेतात, बांधावर रचून न ठेवता नष्ट करणे, हा त्यावरचा उपाय. पऱ्हाटी घरात सरपण म्हणून लागते, त्यामुळे ढीग राहतातच. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग कारखान्यांत साठलेल्या सरकीतूनही पतंग निघतात, त्यामुळे तिथेही सापळे लागतात.

पतंग बांध ओळखत नाहीत. एकट्याने फरदड सोडून उपयोग थोडा. अमेरिकेत बीटी वाण, कामगंध, वंध्य पतंग सोडणे आणि ठरल्या तारखेआत पऱ्हाटी नांगरून टाकण्याची सक्ती एकत्र राबवली गेली. २०१८ मध्ये तेथील कापूसक्षेत्र या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रात अशी सक्ती राबवायची तर लाखो लहान शेतकऱ्यांच्या फरदडीच्या उत्पन्नावर टाच येते.