मादागास्करमधील भात तारण कर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडण्याची कारणे

मादागास्करच्या मध्य पठारावर भाताची मुख्य कापणी साधारणतः मार्च ते जून या काळात होते आणि भाव नेमका तेव्हाच सर्वांत खाली असतो. तरीही शाळेची फी, मजुरी आणि उसनवारी भागवण्यासाठी लहान शेतकरी भात विकून मोकळा होतो व पुढच्या सुगीआधीच्या टंचाईत तेच धान्य चढ्या दराने विकत घेतो. ही कोंडी फोडण्यासाठी ‘सेकाम’ या शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थांच्या जाळ्याने 1990च्या दशकात ग्रामकोठाराचे कर्ज रुजवले. भात कोठारात ठेवायचे, त्याच्या कापणीवेळच्या किमतीच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत रक्कम उचलायची आणि भाव वाढल्यावर कर्ज फेडून माल सोडवायचा, अशी ही पद्धत आहे. आपल्या पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेशी परिचित असलेल्यांना ती ओळखीची वाटेल. मात्र येथे बाजार समितीचे गोदाम नसते, गावातलीच एखादी कोरडी खोली असते, आणि तिला शेतकरी गटाचे एक व संस्थेचे एक अशी दोन कुलुपे असतात.

पात्रतेच्या अटी साध्या आहेत: संस्थेचे सभासदत्व, भागभांडवलाची रक्कम, गावातील गटात सहभाग आणि स्वतःच्या मालकीचे कोरडे, स्वच्छ भात.

जमिनीच्या कागदाबाबत मात्र मोठा गैरसमज आहे. 2005च्या भूमी सुधारणेनंतर कम्यून, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या घटकाच्या, पातळीवरील भूमी कार्यालयातून जमिनीचे प्रमाणपत्र मिळू लागले, आणि तेव्हापासून प्रत्येक कर्जाला ते लागते असे अनेकांनी धरून ठेवले आहे. या कर्जात तारण भाताचे आहे, जमिनीचे नाही. त्या प्रमाणपत्रासाठी शिवाराची पाहणी, शेजाऱ्यांची साक्ष आणि हरकतींची मुदत एवढे सोपस्कार असतात. ते पूर्ण होईपर्यंत कापणीचा हंगाम हातचा जातो.

खरा अडसर राष्ट्रीय ओळखपत्राचा. ते 18 वर्षे पूर्ण झाल्यावर मिळते, परंतु त्यासाठी जन्मनोंदीची प्रत लागते, आणि दुर्गम भागात ज्यांच्या जन्माची नोंद मुदतीत झालीच नाही अशी प्रौढ माणसे थोडी नाहीत. त्यांना न्यायालयाकडून जन्माबाबतचा निवाडा मिळवावा लागतो, म्हणजे साक्षीदार, जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे आणि बुडालेली मजुरी आलीच. ज्याला कर्जाची सर्वाधिक गरज त्यालाच हा फेरा सर्वाधिक महाग पडतो, याची फिकीर खिडकीपलीकडे फारशी दिसत नाही. म्हणून हे काम कापणी तोंडावर आल्यावर नव्हे, तर लावणीच्या सुमारास हाती घ्यावे. कागद नाहीत म्हणून शेजाऱ्याच्या नावावर भात ठेवण्याचा मोह टाळावा; पावती ज्याच्या नावाची, माल त्याचाच मानला जातो.

ओळखपत्र असूनही अर्ज परत येतो तो नावामुळे. मालागासी नावे लांबलचक असतात आणि वंशपरंपरागत आडनाव असलेच पाहिजे असे नाही. त्यामुळे जन्मनोंदीत एक, ओळखपत्रावर दुसरे आणि फोकुंतानीच्या, म्हणजे सर्वांत खालच्या प्रशासकीय घटकाच्या, कुटुंब-पुस्तिकेत तिसरेच रूप लिहिलेले आढळते. तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर घरीच ताडून पाहावे. रहिवासाचा दाखला फोकुंतानीच्या प्रमुखाकडून मिळतो आणि तो अलीकडचा असावा लागतो. मागच्या हंगामातला चालत नाही. मजुरीसाठी अर्धे वर्ष बाहेर राहणाऱ्यांनी आपले नाव पुस्तिकेत टिकून आहे याची खात्री आधीच करावी.

मुदतीचा अर्थ चुकीचा लावल्याने झालेले नुकसान सर्वांत वाईट. परतफेडीची मुदत उचल घेतल्या दिवसापासून मोजली जाते, भात विकल्या दिवसापासून नाही, आणि व्याज महिन्यागणिक चढते. दरमहा 3 टक्के सरळ व्याज धरले तर सात महिन्यांत उचलीवर 21 टक्के होते. उचल किमतीच्या तीन चतुर्थांश असल्याने भाव किमान 16 टक्के वाढला तरच व्याज निघते, आणि उंदीर, ओल व वजनातील घट यांचा हिशेब त्यापुढे वेगळा. करारावरील तारीख टंचाईच्या ऐन भावाआधी येत असेल, तर सही करण्यापूर्वीच ती पुढे नेण्याची विनंती करावी. वजनाच्या दिवशी स्वतः हजर राहावे, पोत्यांची संख्या व किलो दोन्ही पावतीवर लिहून घ्यावेत, आणि गटाची किल्ली कोणाकडे राहणार हे सर्वांसमक्ष ठरवून त्याची नोंद गटाच्या वहीत करावी.