बायबलमधील प्रतीकात्मक स्त्रिया

ख्रिस्ती धर्मग्रंथात सुष्ट आणि दुष्ट शक्तींचे रूप म्हणून येणाऱ्या स्त्रिया. हव्वा, रूथ किंवा येशूची आई मरिया यांच्यासारख्या त्या कथेतील व्यक्ती नव्हेत. एखादा गुण, नगर किंवा अख्खा समाज त्यांच्या रूपात उभा केलेला असतो.

जुन्या करारात ‘नीतिसूत्रे’च्या ९व्या अध्यायात अशी एक जोडी आहे. ज्ञान सात खांबांचे घर बांधते, मेजवानी सिद्ध करते आणि दासींकरवी आमंत्रण धाडते. मूर्खताही नगराच्या उंच जागी, आपल्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावते. भोळ्यांनी इकडे वळावे, ही हाक दोघींच्या तोंडी सारखीच आहे, आणि त्यातच या अध्यायाची ताकद आहे. कोणाचे ऐकायचे ते आवाजावरून ठरत नाही. घरात काय वाढले जाते ते पाहावे लागते. मूर्खतेकडे चोरलेल्या पाण्याची गोडी आहे आणि तिचे पाहुणे मृतांच्या खोल जगात पोचलेले आहेत. जखऱ्या या संदेष्ट्याच्या दृष्टान्तात (अध्याय ५) दुष्टता ही धान्याच्या मापात कोंडलेली स्त्री आहे. वर शिशाचे झाकण ठेवून तिला शिनार देशात, म्हणजे बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) भूमीत, नेले जाते.

हीच बाबेल नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, ‘प्रकटीकरणा’त, स्त्रीच्या रूपात जांभळी-किरमिजी वस्त्रे लेवून सात डोक्यांच्या श्वापदावर बसलेली दिसते. सात डोकी म्हणजे सात डोंगर, असे ग्रंथच सांगतो. त्यामुळे बहुतेक अभ्यासक तिच्यात सात टेकड्यांवर वसलेले रोम पाहतात; शिवाय बाबेलप्रमाणे रोमनेही यरुशलेमचे (जेरुसलेमचे) मंदिर उद्ध्वस्त केले होते (इ.स. ७०). तिच्यावरचा आरोप केवळ व्यभिचाराचा नाही. १८व्या अध्यायात तिच्या व्यापाराची यादी सोने, मोती, रेशीम, मसाले, गहू, घोडे अशी वाढत जाऊन माणसांच्या देहांपर्यंत आणि जिवांपर्यंत येते. साम्राज्याच्या वैभवामागची गुलामगिरी इतक्या थेट शब्दांत सांगणारा हा उतारा फार मोलाचा आहे.

तिच्यासमोर उभी आहे कोकऱ्याची, म्हणजे ख्रिस्ताची, वधू, नवी यरुशलेम. देवाच्या क्रोधाच्या सात वाट्या घेतलेल्या देवदूतांपैकी एकजण हे दृष्टान्त पाहणाऱ्या योहानाला ‘ये, तुला दाखवतो’ म्हणत बाबेल दाखवतो अरण्यात (१७:१), तर वधू उंच डोंगरावरून (२१:९). ही समांतर रचना उघडच हेतुपूर्वक केलेली आहे. वधूच्या तलम वस्त्राचा अर्थही दिला आहे: पवित्र जनांची नीतिकृत्ये.

याच पुस्तकाच्या १२व्या अध्यायातील सूर्य पांघरलेली, बारा ताऱ्यांचा मुकुट घातलेली प्रसववेदनाग्रस्त स्त्री अजगरापासून वाचून रानात आश्रय घेते. कॅथलिक परंपरा तिच्यात मरियेलाही पाहते आणि १५ ऑगस्टच्या, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला हा उतारा वाचते. ‘तिची बाकीची संतती’ हा उल्लेख (१२:१७) मात्र तिला देवाची प्रजा मानणाऱ्या अर्थाला अधिक बळ देतो.

ही प्रतीके पुढे वादातही वापरली गेली. पोपविरोधी धर्मसुधारक ल्यूथरच्या १५२२च्या जर्मन नव्या करारात चित्रकार क्रानाखच्या कार्यशाळेतील चित्रात बाबेलच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट होता. अलीकडे स्त्रीवादी अभ्यासकांनी वेगळाच, रास्त प्रश्न पुढे आणला आहे: साम्राज्याच्या पापाची शिक्षा सांगताना एका स्त्रीला नग्न करून जाळल्याचे चित्र (१७:१६) का रंगवावे लागले?