पृष्ठदर्शन-प्रसंग

मोबाइल ॲपमधील एखादे पान पडद्यावर येते त्या वेळी ठरावीक कोड आपोआप चालवण्याची सोय. एकाच कोडमधून अँड्रॉइड व आयफोन या दोहोंसाठी ॲप तयार करणाऱ्या चौकटींत (फ्रेमवर्कमध्ये) ती वेगवेगळ्या नावांनी आढळते. झॅमरिन फॉर्म्स आणि तिची उत्तराधिकारी डॉटनेट माउई यांत ती ‘ऑनअपिअरिंग’ आहे, रिॲक्ट नेटिव्हबरोबर वापरल्या जाणाऱ्या रिॲक्ट नेव्हिगेशनमध्ये ‘फोकस’, तर आयॉनिकमध्ये ‘आयॉनव्ह्यूविलएंटर’ व ‘आयॉनव्ह्यूडिडएंटर’. तांत्रिक दृष्ट्या ही एक लहानशी पद्धत (मेथड) असली, तरी ‘पान दिसणे’ म्हणजे नेमके काय, यावर प्रत्येक चौकटीचे उत्तर निराळे असल्याने तिच्याभोवती बराच गोंधळ साचला आहे.

शीर्षकातील संज्ञा नोंदीच्या सोयीसाठी घडवली आहे. व्यवहारात ती कोणी वापरत नाही. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला; संस्कृत घडणीचा शब्द शीर्षकी बसवण्याचा परिपाठ त्या पिढीने घालून दिला. त्याला अनुसरून शब्द घेतला खरा, पण त्याच वाईपासून सांगलीपर्यंत ॲप लिहिणारी मुले ‘ऑनअपिअरिंगमध्ये टाक’ किंवा ‘पेज दिसलं की कॉल मार’ असेच म्हणतात. पुढील मजकुरात रूढ नावेच वापरली आहेत.

पूर्वपीठिका : या सोयीचा उगम कोठे मानावा याबाबत तीन मते मांडता येतात. पहिले मत आयफोनकडे बोट दाखवते. २००८ मध्ये बाहेरच्या प्रोग्रामरांना खुल्या झालेल्या आयफोनच्या साधनसंचात ‘यूआयव्ह्यूकंट्रोलर’ या वर्गाला (क्लासला) ‘व्ह्यूडिडलोड’, ‘व्ह्यूविलअपिअर’ आणि ‘व्ह्यूडिडअपिअर’ या पद्धती होत्या. पहिली पान स्मृतीत (मेमरीत) आल्यावर चालते, उरलेल्या दोन ते प्रत्येक वेळी पुढे येताना आणि आल्यावर. झॅमरिन फॉर्म्स मे २०१४ मधली, म्हणजे नंतरची; तिच्या नावातील ‘अपिअर’ आयफोनवरून आला असावा, एवढे मान्य करायला हरकत नाही.

दुसरे मत व्हिज्युअल बेसिककडे जाते. १९९१ पासूनच्या या भाषेत खिडकीला ‘फॉर्म’ म्हणत आणि फॉर्मला पुढे ‘लोड’ व ‘ॲक्टिव्हेट’ असे दोन स्वतंत्र प्रसंग (इव्हेंट) असत. लोड हा फॉर्म स्मृतीत आला की एकदा; तो लपवून पुन्हा दाखवला तर लोड चालत नसे, ॲक्टिव्हेट मात्र चाले. त्यातही एक बारकावा होता. ॲक्टिव्हेट हा त्याच प्रोग्राममधील एका फॉर्मवरून दुसऱ्यावर येतानाच घडे. वापरणारा मधेच दुसरा प्रोग्राम उघडून परत आला तर तो घडत नसे. हा बारकावा वाचकाने लक्षात ठेवावा, खाली तो जसाच्या तसा पुन्हा भेटणार आहे. झॅमरिनचे संस्थापक मिगेल दि इकाझा आणि नॅट फ्रीडमन हे मोनो प्रकल्पातून आलेले. मोनो म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटची खुली आवृत्ती. २००१ मध्ये घोषित झालेली आणि २००४ मध्ये १.० वर पोचलेली. त्यामुळे घराणे मायक्रोसॉफ्टच्या बाजूचे, चौकटीच्या नावातच ‘फॉर्म्स’, असा या मताचा आधार आहे.

तिसरे मत जावाचे. १९९५ च्या जावा ॲपलेटमध्ये, म्हणजे वेब पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, ‘इनिट’ एकदाच चाले, आणि ‘स्टार्ट’ मात्र वाचक त्या पानावर परत आला की पुन्हा चाले. पुढे २००० च्या सुमारास साध्या हँडसेटांसाठी आलेल्या जावाच्या प्रमाणकात ‘कॅनव्हास’ या वर्गाला ‘शोनोटिफाय’ आणि ‘हाइडनोटिफाय’ अशी जोडी मिळाली. कॅनव्हास पडद्यावर येण्याच्या लगेच आधी पहिली, आणि तो पडद्यावरून गेल्यानंतर दुसरी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या हँडसेटांवर तोच कोड चालावा हा त्या प्रमाणकाचा हेतू होता. ‘एकदाच’ आणि ‘प्रत्येक वेळी’ हा भेद, फोन आणि अनेक बनावटींची यंत्रे या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात, म्हणून प्रस्तुत नोंदीचा कल या मताकडे आहे. अर्थात हे कल्पनेचे साम्य झाले, वंशावळ नव्हे.

केवळ नावावरून वंश ठरवणे किती फसवे आहे हे वेब पाने बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या चौकटीवरून, २००२ च्या एएसपी डॉटनेटवरून, दिसते. तेथे ‘पेजलोड’ ही पद्धत बटण दाबून पान सर्व्हरकडे गेले तरी दर वेळी चाले. त्यामुळे पहिलीच खेप आहे का हे ‘इजपोस्टबॅक’ने तपासावे लागे. ज्यांचा हात आधी व्हिज्युअल बेसिकवर बसला होता ते ‘लोड म्हणजे एकदाच’ असे धरून चालत आणि याद्या दुप्पट करून बसत. ही चूक आजही होते, फक्त पद्धतीचे नाव बदलले आहे.

रचना : झॅमरिन फॉर्म्सचा मूळ कोड २०१६ पासून, म्हणजे मायक्रोसॉफ्टने कंपनी घेतली त्याच वर्षापासून खुला आहे, त्यामुळे येथे तर्क करण्याची गरज नाही. पानाच्या वर्गात ‘आपण दिसलो आहोत’ अशी एक खूण असते. फोनच्या प्रणालीकडून (अँड्रॉइड किंवा आयफोनच्या) संदेश आला की प्रथम ही खूण पाहिली जाते. ती आधीच लागलेली असेल तर पुढे काहीच होत नाही, म्हणून मधे ‘ऑनडिसअपिअरिंग’ न होता लागोपाठ दोनदा ऑनअपिअरिंग होत नाही. खूण नसेल तर ती लावून ऑनअपिअरिंग ही पद्धत चालते, त्यानंतर ‘अपिअरिंग’ हा प्रसंग जाहीर होतो, आणि पान जर दुसऱ्या पानांना पोटात घेणारे असेल (टॅबचे किंवा नेव्हिगेशनचे) तर आतल्या चालू पानाला निरोप जातो. म्हणजे बाहेरचे पान आधी आणि आतले मागून. पायाभूत वर्गातील ऑनअपिअरिंग रिकामीच आहे. तिला हाक मारायची राहिली म्हणून काही बिघडत नाही, तरी ती मारण्याची पद्धत आहे.

एका पानावर दुसरे पान चढवले की खालचे ‘दिसेनासे’ होते, वरचे काढले की खालचे पुन्हा ‘दिसते’. पानाचा कन्स्ट्रक्टर (पान तयार करणारा कोड) मात्र या सगळ्यात एकदाच चाललेला असतो. पान स्मृतीत तयार होणे, पान समोर येणे आणि अख्खे ॲप समोर येणे हे तीन वेगळे प्रसंग आहेत. तिसऱ्यासाठी झॅमरिन फॉर्म्समध्ये ‘ऑनस्टार्ट’, ‘ऑनस्लीप’, ‘ऑनरिझ्यूम’ या ॲपपातळीवरच्या पद्धती आहेत. माउईत त्या खिडकीकडे गेल्या आणि ‘ॲक्टिव्हेटेड’, ‘स्टॉप्ड’, ‘रिझ्यूम्ड’ अशी नावे आली. खरा तंटा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगाच्या सीमेवर आहे.

दोन प्रणालींतील भेद : अँड्रॉइडवर सगळा पडदा ‘ॲक्टिव्हिटी’ या घटकाचा असतो. वापरणारा दुसऱ्या ॲपमध्ये गेला की ॲक्टिव्हिटीला ‘ऑनपॉज’ आणि परतला की ‘ऑनरिझ्यूम’ मिळते. झॅमरिन फॉर्म्स हे संदेश पानापर्यंत पोचवते, म्हणून परत आल्यावर ऑनअपिअरिंग पुन्हा चालते. आयफोनवर ‘व्ह्यूविलअपिअर’ ही ॲपच्या आतल्या हालचालीशी बांधलेली आहे; ॲप मागे जाऊन पुढे आले तरी ती चालत नाही, आणि म्हणून ऑनअपिअरिंगही चालत नाही. व्हिज्युअल बेसिकचा ॲक्टिव्हेट असाच वागे. या दृष्टीने पाहता अपवाद अँड्रॉइडचा आहे, आयफोनचा नव्हे, जरी तक्रारी बहुधा आयफोनच्या नावाने होतात.

याचा परिणाम सांगलीत सहज समजावा असा आहे. कृष्णेची पातळी येथे आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. समजा, पुलाची पातळी दाखवणारे एक ॲप आहे आणि ताजा आकडा मागवण्याचा कोड ऑनअपिअरिंगमध्ये आहे. वडिलांच्या अँड्रॉइडवर आणि मुलीच्या आयफोनवर सकाळी सहाला ३८ दिसते. मग दोघे व्हॉट्सॲपवर जातात, कोयनेतून विसर्ग वाढवल्याचा मेसेज वाचतात आणि नऊला ॲपवर परततात. वडिलांच्या फोनवर ४१, मुलीच्या फोनवर अजून ३८. ‘अगं, तुझ्यात अजून अडतीसच काय दाखवतंय?’ या प्रश्नाला उत्तर नेटवर्क हे नाही, फोन जुना हेही नाही. मुलीच्या फोनच्या दृष्टीने ते पान कधी दिसेनासे झालेच नव्हते, त्यामुळे ते नव्याने दिसले असेही नाही. उपाय म्हणजे आकडा मागवण्याचे काम स्वतंत्र पद्धतीत काढून तिला ऑनअपिअरिंग आणि ॲपपातळीवरचे रिझ्यूम या दोन्हींकडून हाक मारणे; अँड्रॉइडवर मग दोन हाका लागतात, त्यांतली एक टाळावी. पातळीच्या शेजारी ती किती वाजताची आहे हे छापावे, ही सूचना तांत्रिक नसली तरी अधिक मोलाची आहे.

उलट बाजूने, अँड्रॉइडचे हे वर्तन नको असणाऱ्यांसाठी झॅमरिन फॉर्म्समध्ये ‘सेंडअपिअरिंगइव्हेंटऑनरिझ्यूम’ आणि ‘सेंडडिसअपिअरिंगइव्हेंटऑनपॉज’ अशा दोन कळी (स्विच) दिलेल्या होत्या. त्या बंद केल्या की दोन्ही प्रणाली सारख्या वागतात. दोन कळी द्याव्या लागल्या यातच मूळ निर्णय सर्वांना पटलेला नव्हता हे दिसते. भर म्हणून, अँड्रॉइड ७.० ने २०१६ मध्ये पडदा दोन ॲपांत विभागण्याची सोय आणली आणि तेथे डोळ्यांसमोर असलेली ॲक्टिव्हिटीही ‘पॉज’ झालेली असू शकते. म्हणजे पान दिसते आहे, पण चौकटीच्या हिशेबी नाही.

पुनरावृत्तीचे दोष : सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे ऑनअपिअरिंग एकदाच चालेल असे धरणे. मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यासाठी केलेले पान डोळ्यांसमोर आणावे : लॉट नंबर, अडत्याचे नाव, पोती, क्विंटलचा दर, आणि खाली हळकुंडाचा फोटो घेण्याचे बटण. ऑनअपिअरिंगमध्ये दोन ओळी आहेत, एक फॉर्म कोरा करणारी आणि एक दिवसाचे लॉट यादीत भरणारी. सौदा ओरडून चालू असतो, दिवाणजी घाईने ३२ पोती आणि दर टाकतो, फोटोचे बटण दाबतो. कॅमेरा ही दुसरी ॲक्टिव्हिटी. फोटो होऊन परत येताच पान पुन्हा ‘दिसते’, फॉर्म कोरा होतो आणि साठ लॉटची यादी एकशेवीसची होते. अँड्रॉइड ६.० पासून परवानगी विचारणारा डायलॉगही याच रीतीने पान मागे ढकलतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी, पहिल्याच फोटोला हा प्रकार दोनदा घडू शकतो. आयफोनवर चाचणी घेतलेल्याला परवानगीच्या डायलॉगने होणारा हा प्रकार कधी दिसतच नाही.

यादी भरण्याआधी रिकामी करणे, एकदाच करायच्या कामाला खूण ठेवणे, आणि फॉर्म कोरा करण्याचे काम सौदा जतन झाल्यावर करणे, हे यावरचे प्रचलित उपाय होत. ऑनअपिअरिंगमध्ये कशाचीही वर्गणी (सबस्क्रिप्शन) लावली (संदेश, स्थान, बॅटरी) तर ती ऑनडिसअपिअरिंगमध्ये सोडावी लागते, नाहीतर एका निरोपाला चार उत्तरे येऊ लागतात.

असिंक्रोनस कोड (उत्तराची वाट पाहत न अडणारा) : ऑनअपिअरिंगचा परतावा ‘व्हॉइड’, म्हणजे काहीच परत न देणारा, ठरलेला आहे. तिच्यात ‘अवेट’ (उत्तर येईपर्यंत थांबण्याची सूचना) वापरायचे तर तिला ‘असिंक व्हॉइड’ करावे लागते. ‘असिंक व्हॉइड’ टाळावे हा झॅमरिनच्या सी-शार्प या भाषेतील सर्वमान्य संकेत. येथे तो मोडावाच लागतो. पहिल्या अवेटला पद्धत परत फिरते आणि चौकट पुढे जाते; उरलेला भाग उत्तर आल्यावर चालतो. तोपर्यंत वापरणारा त्या पानावर असेलच असे नाही. शिवाय आत उद्भवलेली चूक बाहेरून पकडता येत नाही आणि ॲप कोसळते. आतील सर्व मजकूर ‘ट्राय-कॅच’मध्ये (चूक पकडणाऱ्या रचनेत) घालणे आणि ऑनडिसअपिअरिंगमध्ये रद्द करण्याचे टोकन वापरणे ही याची दोन अंगे. महाबळेश्वर-पाटणच्या घाटात रेंज जात-येत असता दुसरे अंग विशेष कामाला येते, कारण तेथे उत्तर येते ते पान बदलून गेल्यावर.

इतर चौकटी : फ्लटर या गूगलच्या चौकटीत ऑनअपिअरिंगला सरळ पर्याय नाही. ‘इनिटस्टेट’ एकदाच चालते. वरचे पान निघाल्याचे कळण्यासाठी ‘राउटऑब्झर्व्हर’ लावून ‘डिडपॉपनेक्स्ट’ ऐकावे लागते, आणि ॲप परतल्याचे कळण्यासाठी वेगळा निरीक्षक लागतो. रिॲक्ट नेव्हिगेशनमध्ये ‘यूजइफेक्ट’वर (पान प्रथम चढताना चालणाऱ्या कोडवर) विसंबणारे फसतात, कारण खालचे पान उतरवलेले नसते, तेथे ‘यूजफोकसइफेक्ट’ वापरतात. तोही ॲप मागून पुढे आल्यावर चालत नाही. आयॉनिक पाने राखून ठेवते, म्हणून ‘एनजीऑनइनिट’ (पान तयार होताना एकदा चालणारी पद्धत) परतीच्या वेळी गप्प राहते. माउईने मे २०२२ पासून ‘ऑननॅव्हिगेटेडटू’ ही निराळी पद्धत जोडीला दिली आहे. पान कोठून आले हे जिथे महत्त्वाचे आहे तेथे ती अधिक नेमकी. झॅमरिनचा अधिकृत आधार १ मे २०२४ रोजी संपला आणि जुनी ॲपे माउईत हलवताना ऑनअपिअरिंगमधील कोड बहुतेक वेळा जसाच्या तसा उचलला जातो, वर सांगितलेल्या दोषांसह.