‘ॲव्हरेज’ नेमकं कशाचं? गाडीच्या इंधन-मोजणीची पार्श्वभूमी

शोरूममध्ये गेलेला माणूस रंग, सीट, डिकी सगळं बघून झालं की विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" मायलेज हा जाहिरातींतला शब्द. घरात, पंपावर, गॅरेजमध्ये आपण ‘ॲव्हरेज’च म्हणतो, आणि मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. लिटरमागे किती किलोमीटर हा आकडा सरासरीच असतो. फक्त ती कोणत्या रस्त्याची, कोणत्या वेगाची, कोणत्या इंधनाची सरासरी, हे विचारायचं राहून जातं. माहितीपत्रकात २२ लिहिलेलं असतं, शहरात गाडी १५ देते आणि घेणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. ही तफावत बहुतेक वेळा चाचणी कशासाठी आणि कशी बनली यातून आलेली असते.

आधी लोक स्वतः कसं मोजत होते ते बघू. आपल्याकडे वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला. त्याआधीचा हिशोब मैल आणि गॅलनचा होता. जुन्या पिढीतलं कुणी "गॅलनला तीस मैल" म्हणालं, तर तो ब्रिटिश गॅलन, म्हणजे ४.५४६ लिटर. आजच्या भाषेत लिटरला साधारण साडेदहा किलोमीटर. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, त्यामुळे तिकडच्या मासिकातला आकडा इकडे लावला की गोंधळ ठरलेला. दुचाकीवाल्यांची वेगळी रीत होती. गाडी रिझर्व्हला लागली की एक लिटर टाकायचं, कॉक पुन्हा मेनवर करायचा आणि परत रिझर्व्हला लागेपर्यंत किती पळाली ते बघायचं. गॅरेजवाला त्याहून काटेकोर: टाकीची नळी काढून मापाच्या बाटलीतलं पेट्रोल जोडायचा आणि बाटली संपेपर्यंत गाडी चालवून आणायचा. कार्ब्युरेटरच्या गाडीत याहून चांगला मार्ग नव्हता, आणि ही बाटलीची मोजणी तत्त्वतः अगदी बरोबर होती. आत गेलेलं इंधन मोजलं, कापलेलं अंतर मोजलं, भागाकार केला.

प्रयोगशाळेतली मोजणी मात्र वेगळ्याच गरजेतून जन्माला आली. लॉस एंजेलिस शहरावर १९४० च्या दशकापासून धुरकट पिवळसर थर साचू लागला होता. त्यात मोटारींच्या धुराचा मोठा वाटा आहे हे सिद्ध झाल्यावर तो धूर मोजायचा कसा, हा प्रश्न आला. त्या शहरातल्या माणसाचा घर ते ऑफिस प्रवास नमुना म्हणून घेतला गेला. कधी थांबायचं, कधी वेग घ्यायचा, किती वेळ उभं राहायचं याची सेकंदासेकंदाची रेघ तयार झाली. १९७२ च्या अमेरिकी चाचणीत ती रेघ १,३७२ सेकंदांची आणि सुमारे १२ किलोमीटरची आहे. युरोपनेही १९७० साली आपल्या जुन्या शहरांतल्या वाहतुकीवरून अशीच वेगाची रेघ, म्हणजे ‘शहरी चक्र’, बनवली, तीही धुरासाठीच. इंधनाचा आकडा हे त्याच चाचणीतून मिळालेलं जोडउत्पादन होतं.

ते कसं मिळतं हे समजून घेण्यासारखं आहे. गाडीची चालती चाकं रोलरवर ठेवतात. समोर मोठा पंखा असतो, आणि पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते. ड्रायव्हरने पायाने ती रेघ गाठत राहायचं. रोलर किती जड फिरावेत हे आधी रस्त्यावर ठरतं: गाडी ठरावीक वेगावर न्यूट्रलमध्ये सोडायची आणि वेग किती वेळात उतरतो ते टिपायचं. त्यावरून हवेचा आणि टायरचा विरोध काढतात. चाचणी चालू असताना सायलेन्सरमधून येणारा वायू पिशव्यांत जमा होतो आणि त्यातला कार्बन मोजतात. टाकीतून जेवढा कार्बन गेला तेवढाच नळीतून बाहेर येणार. म्हणजे पेट्रोल थेट न मोजताही किती जळलं ते कळतं. पद्धत अचूक आहे आणि आजही वापरात आहे. पण ती फक्त त्या रेघेवरच्या प्रवासाबद्दल बोलते.

१९७३ च्या तेलसंकटाने या जोडउत्पादनाला एकदम महत्त्व आलं. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरच्या आसपासवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. अमेरिकेने १९७५ साली कंपन्यांच्या ताफ्याला, म्हणजे कंपनी विकते त्या सगळ्या नव्या गाड्यांना मिळून, सरासरी इंधनक्षमतेची अट घालणारा कायदा केला. आकडे लोकांपुढे आले आणि तक्रारीही सुरू झाल्या की रस्त्यावर एवढं मिळत नाही. तिकडच्या यंत्रणेने ती तक्रार मान्य केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८५ च्या मॉडेलपासून लेबलवरचा शहराचा आकडा १० टक्क्यांनी आणि महामार्गाचा २२ टक्क्यांनी कमी करून छापायला सुरुवात झाली. २००८ पासून तर मूळ दोन चाचण्यांत आणखी तीन मिळवल्या: जोरात चालवण्याची, एसी लावून घेण्याची आणि कडाक्याच्या थंडीतली.

आपल्याकडे या मोजणीचं नाव पुण्याशी जोडलेलं आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, १९६६ साली स्थापन झाली. कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर तिचं आवार आहे. सकाळी फिरायला जाणारे पुणेकर टेकडीच्या त्या भागाला सरळ ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. गाड्यांना मान्यता देणाऱ्या संस्था आणखीही आहेत, नगरची व्हीआरडीई, भोसरीची सीआयआरटी, मानेसरची आयकॅट. तरी माहितीपत्रकातल्या आकड्याला लोक ‘एआरएआय मायलेज’च म्हणतात.

१९८५ च्या सुमारास रस्त्यांवरच्या नोंदी घेऊन भारतीय चालन-चक्र ठरवलं गेलं. १०८ सेकंदांचं एक चक्र, ते सहा वेळा. सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी २२ च्या आत. त्या काळातल्या शहरी रहदारीचं ते बऱ्यापैकी खरं चित्र होतं. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, अँबॅसॅडर आणि १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८०० यांच्या गर्दीत ४२ चा वेग कमी नव्हता. मारुतीने चारचाकीकडून काय अपेक्षा करायची हेच बदललं, तसं १९८५ च्या हिरो होंडा सीडी १०० ने दुचाकीबाबत केलं. तिची ‘भरा, बंद करा, विसरा’ या अर्थाची इंग्रजी जाहिरात अजून अनेकांना पाठ आहे. ॲव्हरेज हा गाडी विकण्याचा मुख्य मुद्दा तेव्हापासून झाला.

पुढे २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम युरोपच्या वळणावर गेले आणि चारचाकींसाठी सुधारित भारतीय चक्र आलं. ते मुळात युरोपचंच आहे: शहरी भाग चार वेळा, मग शहराबाहेरचा एक भाग, एकूण १,१८० सेकंद, साडेदहा किलोमीटरच्या आसपास. युरोपच्या चाचणीत कमाल वेग १२० होता. कमी ताकदीच्या गाड्यांसाठी त्यांनी ९० ची आवृत्ती ठेवली होती, ती आपण घेतली. त्यातल्या शहरी भागात ० वरून ५० वर जायला २६ सेकंद दिलेले आहेत. मागच्या ट्रकच्या हॉर्नपुढे सिग्नलवरून निघताना घड्याळ लावून बघा, म्हणजे २६ सेकंद किती लांब असतात ते कळेल. चढ नाही, खड्डा नाही, एसी बंद. आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला ताशी १०० ची मर्यादा असताना चाचणी ९० च्या पुढे जातच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून १०० वर गेलात की तो सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. पेट्रोलियम बचतीचा प्रचार करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था वर्षानुवर्षं ४५ ते ५५ च्या वेगाचा सल्ला देत आली आहे, त्याचं कारण हेच.

२००९ मध्ये वाहन उत्पादकांनी स्वेच्छेने इंधनक्षमतेचे प्रमाणित आकडे जाहीर करायला सुरुवात केली. त्याआधी जो तो आपापल्या पद्धतीने आकडा सांगायचा, म्हणून हे पाऊल मोठं होतं. सगळ्या गाड्या एकाच रेघेवर मोजल्या गेल्या, तर दोन गाड्यांची तुलना होऊ शकते. माझ्या मते एआरएआय आकड्याचा खरा उपयोग एवढाच आहे. या गाडीचा आकडा त्या गाडीपेक्षा जास्त, एवढं त्यातून घ्यावं. आपल्या खिशाचा हिशोब त्यावर मांडू नये. आपल्याकडेही कंपनीच्या ताफ्याला धुराची सरासरी मर्यादा आहे, आणि ती तपासताना हाच आकडा धरतात. २०१७-१८ पासून सरासरी १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किलोमीटर, २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम. पेट्रोलच्या भाषेत ११३ म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर. १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांची खऱ्या रस्त्यावरही चाचणी होते, पण ती धुरासाठी. माहितीपत्रकातलं ॲव्हरेज रोलरवरूनच येत राहिलं.

चाचणीचा आकडा सरकारी अटीला आणि करांना जोडला की काय होतं, ते युरोपने पाहिलं. हजारो वाहनचालकांनी नोंदवलेले पंपावरचे आकडे संशोधकांनी प्रमाणित आकड्यांशी ताडून पाहिले. २००१ मध्ये ९ टक्क्यांच्या आसपास असलेली तफावत २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर पोचली होती. गाड्या काही बिघडल्या नव्हत्या. नियमातल्या फटी वापरायला कंपन्या शिकल्या होत्या: टायरमध्ये जास्त हवा, सर्वांत हलकी आवृत्ती, दारांच्या फटींवर पट्ट्या. त्यातून २०१७ पासून नवी जागतिक चाचणी आली. ती १,८०० सेकंदांची, सव्वातेवीस किलोमीटरची आणि १३१ पर्यंत वेग नेणारी आहे. शिवाय २०२१ पासूनच्या प्रत्येक नव्या गाडीत जळलेलं इंधन नोंदवून ठेवण्याची सक्ती झाली. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं की नव्या चाचणीपेक्षाही प्रत्यक्ष वापर पेट्रोल गाड्यांत २३.७ टक्के आणि डिझेलमध्ये १८.१ टक्के जास्त आहे. अधिक चांगल्या चाचणीनेही फरक मिटत नाही, कारण माणूस, रस्ता आणि हवा रेघेत बसत नाहीत.

मग घरच्या घरी खरं ॲव्हरेज कसं काढायचं? टाकी फुल करायची, ऑटो कट झाल्यावर थांबायचं, ट्रिप शून्य करायची. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा कटपर्यंत भरायचं आणि भागायचं. एका टाकीवर निकाल देऊ नये. कट थोडा अलीकडे-पलीकडे झाला तरी एक-दीड लिटरचा फरक पडतो. पाच-सहा टाक्यांची बेरीज घेतली की तो विरघळतो. डॅशबोर्डवरचा आकडा इंजिनात इंधन फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून मोजलेला असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो पंपावरच्या हिशोबापेक्षा थोडा जास्त दिसतो.

इथेच एक चूक सर्रास होते. १०० किलोमीटर २० च्या ॲव्हरेजने आणि १०० किलोमीटर १० च्या ॲव्हरेजने गेलो, तर एकूण ॲव्हरेज १५ येत नाही. पहिल्यात ५ लिटर, दुसऱ्यात १० लिटर, म्हणजे २०० भागिले १५, फक्त १३.३. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, त्यात ही फसगत होत नाही. लिटरला १० देणारी गाडी १२ वर आली, तर हजार किलोमीटरला सुमारे १६.७ लिटर वाचतात. २० ची गाडी २५ वर आली तर १० लिटरच. म्हणजे घरातल्या जुन्या, जास्त पिणाऱ्या गाडीकडे आधी लक्ष द्यायला हवं.

घाटाचाही हिशोब करता येतो. मुंबई समुद्रसपाटीला, पुणे ५६० मीटरवर. माणसांसकट १,२०० किलोची गाडी एवढी वर उचलायला इंजिनाची कार्यक्षमता धरून पाऊण लिटरच्या आसपास जास्तीचं पेट्रोल लागतं. उतरताना त्यातलं काही परत मिळतं, कारण गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या गाड्या इंधन तोडतात. म्हणून याच रस्त्याचं जातानाचं आणि येतानाचं ॲव्हरेज वेगळं येतं आणि दोन्ही खरी असतात.

गेल्या काही वर्षांत यात इंधनानेच भर टाकली आहे. आपल्या साखर कारखान्यांतूनही येणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट सांगितली होती. २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के. माझ्या गाडीच्या कप्प्यातल्या वहीत जुन्या पानांवर १७ आहे आणि अलीकडच्या पानांवर १६. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाराही तोच. आता प्रत्येक नोंदीपुढे मी मिश्रणाचा आकडाही लिहून ठेवतो.