‘सल्फिडेशन’ की ‘हॉट कोरोजन’? तापलेला धातू गंजण्यामागचा इतिहास

निकेल-क्रोमियमची तार १९०६ पासून आहे, लालबुंद तापली तरी टिकते कारण वर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. हा थर जाड होत जाताना वाढ का मंदावते त्याचं गणितही १९३३ पर्यंत झालं. पण ते स्वच्छ हवेपुरतं होतं, खरी पंचाईत जेट इंजिनं आल्यावर सुरू झाली.

१९५०-६० च्या दशकांत टर्बाइनच्या पात्यांना जास्त ताकद हवी होती, म्हणून पात्यांच्या निकेल-मिश्रधातूत ॲल्युमिनियम-टायटॅनियम वाढवलं आणि क्रोमियम २० टक्क्यांवरून १० च्या आसपास आणलं, काहींत त्याहूनही खाली. ताकद मिळाली हो, पण गंजाचा विचार मागे पडला असं माझं स्पष्ट मत आहे, कारण समुद्राजवळ चालणाऱ्या इंजिनांत पाती फुगायला लागली, पापुद्रे सुटायला लागले. कापून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर आत क्रोमियम सल्फाइडचे (क्रोमियम आणि गंधकाच्या संयुगाचे) कण, मग नाव पडलं सल्फिडेशन, म्हणजे गंधकाने धातू खाणं.

आणि इथंच घोळ झाला. सल्फाइड असतं हे खरं, पण सुरुवात त्याने होत नाही. इंधनातलं गंधक आणि हवेतलं मीठ मिळून सोडियम सल्फेट बनतं, ते पात्यावर साचतं, ८८४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि वरचा ऑक्साइडचा थरच त्यात विरघळायला लागतो, मग आतला धातू उघडा पडतो. म्हणून हॉट कोरोजन हे नाव जास्त बरोबर. खरं सल्फिडेशन म्हणजे रिफायनरीत होतं ते, जिथे हायड्रोजन सल्फाइड वायू थेट धातूला खातो, मिठाची गरजच नाही. नाव एकच वापरलं की उपायही एकच वाटतो, तो तसा नाहीये.

७० च्या दशकात गुंता वाढला. जहाजांच्या टर्बाइन कमी लोडवर चालायच्या, पाती ६५०-७५० अंशांवर, म्हणजे सल्फेट वितळायलाच नको, तरी खड्डे पडले. कारण निघालं सल्फर ट्रायऑक्साइड, हा वायू पात्याच्या धातूतल्या किंवा लेपातल्या कोबाल्टचं सल्फेट करतो आणि ते सोडियम सल्फेटमध्ये मिसळलं की ५६५ अंशांपासूनच वितळू शकतं. म्हणजे मिठाला दोष देऊन झाल्यावर वायू परत आलाच. याला टाइप २ हॉट कोरोजन म्हणतात, आधीच्याला टाइप १.

नंतर कचरा जाळणाऱ्या बॉयलरमध्ये क्लोरीनने वेगळाच खेळ मांडला: तो थरातून आत शिरतो, लोखंडाचं क्लोराइड वाफ होऊन बाहेर येतं, वर ऑक्सिजन भेटला की ऑक्साइड बनतो, आणि क्लोरीन सुटून परत आत. यालाही बरेच जण सरसकट हॉट कोरोजनच म्हणतात.