बगराम : धावपट्टी तीच, वहिवाट नवी

सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यावर असताना डोनाल्ड ट्रम्प यांनी अफगाणिस्तानातला बगरामचा हवाई तळ अमेरिकेला परत हवा असल्याचं बोलून दाखवलं आणि बातम्यांतून जवळजवळ पुसलं गेलेलं हे नाव पुन्हा वर आलं. चीन अण्वस्त्रं बनवतो ते ठिकाण तिथून तासाभरावर आहे, असं त्यांचं म्हणणं. (नकाशात लोप नोर हे चीनचं अणुचाचणीचं ठिकाण शोधून पाहा, अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास भरतं.) तालिबानने साफ नकार दिला. पुढच्याच महिन्यात मॉस्कोतल्या बैठकीत, अफगाणिस्तानात बाहेरच्या देशांनी लष्करी तळ उभारू नयेत, अशा अर्थाचं निवेदन निघालं. त्यात बगरामचं नाव नव्हतं, पण रोख कुणाच्या लक्षात आला नसेल असं नाही. निवेदनामागे रशिया, चीन, इराण आणि पाकिस्तानच्या बरोबरीने भारतही होता. भारत-पाकिस्तान एका कागदावर यावेत, हे हल्ली क्वचितच घडतं.

या जागेत एवढं काय आहे? काबूलच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर, शोमालीच्या सपाटीत हा तळ आहे. घोरबंद आणि पंजशीर ही दोन खोरी याच बाजूला उघडतात, आणि हिंदुकुश ओलांडून येणारी सालंगची वाटही इथेच खाली उतरते. उत्तरेकडून काबूलवर चालून येणाऱ्याला हा टापू टाळता येत नाही. कुशाणांना हे चांगलं ठाऊक असावं. त्यांची कापिशी नगरी इथलीच. १९३७ आणि १९३९ साली फ्रेंच उत्खननकर्त्यांना बेग्राममध्ये (बगरामचंच दुसरं रूप) भिंत घालून बंद केलेल्या दोन खोल्या सापडल्या. आत रोमन काच, चिनी लाखकामाच्या वस्तू आणि भारतीय घडणीचं हस्तिदंती कोरीवकाम होतं. आपल्या तेर आणि भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना त्या कोरीवकामातल्या स्त्रिया फार परक्या वाटणार नाहीत.

आधुनिक बगराम हे शीतयुद्धाचं अपत्य. १९५० च्या दशकात पंतप्रधान दाऊद खान यांच्या सरकारने दोन्ही महासत्तांकडून मदत घेतली. कंदाहारचा विमानतळ अमेरिकेने बांधला, तर बगरामचा सोव्हिएत संघाने. गंमत म्हणजे, ९ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर अफगाणिस्तानात आले, तेव्हा त्यांचं विमान या सोव्हिएत बांधणीच्या बगरामलाच उतरलं.

वीस वर्षांनी बांधणारेच चालून आले, पण ते एका रात्रीत नव्हे. सोव्हिएत छत्रीधारी सैनिकांची एक तुकडी जुलै १९७९ मध्येच तंत्रज्ञांच्या नावाखाली बगरामला येऊन बसली होती. डिसेंबरच्या अखेरीस मोठी विमानं उतरू लागली, तोवर तळ आतून ताब्यात होता. सोव्हिएतांच्या मर्जीतले अफगाण नेते बब्रक करमल यांनाही आधी गुपचूप इथेच आणून ठेवलं गेलं. २७ डिसेंबरला काबूलच्या राजवाड्यात तेव्हाचे सत्ताधीश हाफिजुल्ला अमीन मारले गेले आणि करमल सत्तेवर आले. पुढची नऊ वर्षं सोव्हिएतांशी लढणाऱ्या अहमदशाह मसूदच्या पंजशीरवर बाँब टाकायला विमानं इथूनच उडत राहिली.

१९८९ मध्ये सोव्हिएत फौजा गेल्या. यादवी युद्धात तर तळाला लागूनच आघाडी आली. मसूदच्या लोकांकडे विमानतळ होता, पण दक्षिणेकडे तालिबानच्या तोफा होत्या. हाताशी धावपट्टी असून तिच्यावर विमान उतरवायची सोय नव्हती. गोळ्यांनी चाळण झालेला कंट्रोल टॉवर उरला होता, तोही टेहळणीपुरता.

२००१ च्या अखेरीस अमेरिकन आले. भोवती सुरुंग पेरलेले होते आणि सोव्हिएत विमानांचे सांगाडे पडले होते. त्यातून एक शहर उभं राहिलं. २००६ मध्ये सुमारे साडेतीन किलोमीटरची नवी धावपट्टी झाली. बर्गरची आणि पिझ्झाची दुकानं आली. मुख्य रस्त्याचं नाव ‘डिस्नी ड्राइव्ह’. नवख्यांना कार्टून आठवायचं, पण ते नाव २००२ मध्ये इथेच अपघातात गेलेल्या एका सैनिकाचं होतं.

याच तळावर तुरुंगही होता. डिसेंबर २००२ मध्ये तिथे काही दिवसांच्या अंतराने दोन कैदी मेले, त्यांतला एक तरुण टॅक्सीचालक. खुद्द अमेरिकी लष्कराच्या शवचिकित्सेने दोन्ही मृत्यू मनुष्यवध ठरवले. तळाच्या भिंतीबाहेरच्या गावांना बगराम आठवतं ते आधी यासाठी, पिझ्झा नंतर.

जाण्याची तऱ्हा तर नमुनेदार. जुलै २०२१ च्या सुरुवातीला एका रात्री वीज बंद करून अमेरिकन निघून गेले. आपण एकटे उरलो आहोत हे नव्या अफगाण कमांडरला दोन तासांहून अधिक वेळाने कळलं, आणि तोवर अंधाराचा फायदा घेत लुटारू आत शिरले होते. मागे सुमारे ३५ लाख वस्तू राहिल्या. त्यांत पाण्याच्या बाटल्याही मोजलेल्या होत्या, आणि किल्ल्या नसलेल्या गाड्याही. जड सामान आधीच चिरडून भंगारवाल्यांना विकलं होतं. दीड महिन्याने तालिबान आलं आणि तुरुंगातले हजारो कैदी बाहेर पडले. त्याच सुमारास काबूलच्या एकाच धावपट्टीवरून माणसं बाहेर काढताना अमेरिकेची दमछाक होत होती. दोन धावपट्ट्यांचं बगराम तोवर हातचं गेलं होतं.

१४ ऑगस्ट २०२४ रोजी, सत्तेच्या तिसऱ्या वर्धापनदिनी, तालिबानने बगरामला संचलन केलं. चीन आणि इराणचे प्रतिनिधी पाहायला होते. समोरून अमेरिकन चिलखती गाड्या गेल्या, आणि जुने सोव्हिएत रणगाडेही.